क्रेडिट मिळालं, पण वटेल का? हायस्कूलमधूनच कॉलेजचे विषय घेण्याआधी

सासूबाई कराडला असतात. नात अकरावीत असतानाच कॉलेजचे दोन विषय घेणार आहे, हे मी त्यांना फोनवर कौतुकाने सांगितलं, तेव्हा त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. “अगं, अकरावीला सगळीच कॉलेजात जातात की,” त्या म्हणाल्या. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. महाराष्ट्रात दहावी झाली की पोरं ज्युनिअर कॉलेजात जातात. इथे टेक्सासमध्ये नववी ते बारावी ही चारही वर्षं हायस्कूलची, आणि कॉलेज म्हणजे त्यानंतरचं, पदवीचं शिक्षण. माझी लेक पदवीच्या पहिल्या वर्षाचा इतिहास अकरावीत बसून शिकणार होती आणि तो विषय दोन्हीकडे मोजला जाणार होता. हे त्यांना पटवायला मला पंधरा मिनिटं लागली. बोलता बोलता लक्षात आलं, की मलाही ते पुरतं कळलेलं नाही.

आता लेक विद्यापीठात आहे आणि धाकटा दहावीत. दर जानेवारी-फेब्रुवारीत हायस्कूलमध्ये पुढच्या वर्षाचे विषय निवडायची वेळ आली, की आमच्या ओळखीतल्या मराठी घरांतून फोन सुरू होतात. ड्युअल क्रेडिट, म्हणजे असे दोन्हीकडे मोजले जाणारे विषय, घ्यावेत का? अर्ज कुठे करायचा? हा प्रश्न काही आपल्यापुरता नाही. २०२२-२३ या एका वर्षात अमेरिकेत हायस्कूलच्या जवळपास २५ लाख मुलांनी कॉलेजचा किमान एक विषय घेतला होता. नियम मात्र प्रत्येक राज्याचे वेगळे. मला टेक्सासचे माहीत आहेत, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहिते.

आधी क्रेडिट म्हणजे काय ते बघू

क्रेडिट हे अभ्यासाचं माप आहे. आपल्याकडे शंभरपैकी किती मिळाले ते बघतात. इथे मार्क वेगळे आणि माप वेगळं. एक क्रेडिट म्हणजे एका सेमिस्टरभर आठवड्याला साधारण एक तास वर्ग आणि त्याच्या दुप्पट घरचा अभ्यास. बहुतेक विषय तीन क्रेडिटचे असतात, म्हणजे आठवड्याला तीन तास वर्गात आणि सहा तास घरी. चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिटं लागतात. तीन-तीनचे चाळीस विषय धरा.

भारतातल्या नातेवाइकांनाही हा शब्द आता परका राहिलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली आणि मुलांच्या खात्यात क्रेडिटं जमा व्हायला लागली. ‘खात्यात जमा’ ही कल्पना डोक्यात ठेवा, पुढे ती कामाला येईल.

टेक्सासच्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या स्थानिक कॉलेजांत, विषयांना जे आकडे असतात, त्यांतच हे माप लिहिलेलं असतं. ‘हिस्टरी १३०१’ घ्या. पहिला १ म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाचा विषय. दुसरा आकडा ३, म्हणजे तीन क्रेडिटं. उरलेले दोन आकडे त्या विषयाचा क्रमांक. ‘गव्हर्न्मेंट २३०५’ म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, तीन क्रेडिटचा. राज्यातल्या सगळ्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांत हेच आकडे चालतात. एवढं वाचता आलं, की विषयांची यादी अर्धीअधिक उलगडते.

एका कुकरात वरणही आणि भातही

ड्युअल क्रेडिट म्हणजे एकाच अभ्यासाची दोन ठिकाणी नोंद. कुकरमध्ये खालच्या भांड्यात वरण, वरच्या भांड्यात भात, आच एकच. मुलगी इंग्लिश १३०१ आणि १३०२ शिकली, तर हायस्कूलची वर्षभराची इंग्रजी पूर्ण होते आणि कॉलेजच्या खात्यात सहा क्रेडिटंही जमा होतात. गव्हर्न्मेंट २३०५ एका सेमिस्टरमध्ये संपतो. त्यात हायस्कूलचा सक्तीचा नागरिकशास्त्राचा अर्धा क्रेडिट होतो आणि कॉलेजची तीन क्रेडिटं मिळतात.

पण आच कमी पडली तर दोन्ही भांडी कच्ची राहतात, हेही त्याच कुकरचं खरं आहे. विषय बिघडला, तर हायस्कूलचा निकालही बिघडतो आणि कॉलेजचाही.

शिकवणी तीन प्रकारे होते. कधी मुलं कम्युनिटी कॉलेजच्या आवारात जातात, कधी विषय ऑनलाइन असतो आणि बऱ्याचदा हायस्कूलच्याच वर्गात, हायस्कूलच्याच शिक्षकांकडून होतो. कॉलेज कोणतं, हे आपण सहसा निवडत नाही. शाळांच्या जिल्ह्याचा, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाचा, ज्या कॉलेजशी करार असेल, ते आपलं. आमच्या फ्रिस्को-प्लेनोकडे कॉलिन कॉलेज, ऑस्टिनकडे ऑस्टिन कम्युनिटी कॉलेज. ह्यूस्टनच्या आसपास घर कुठे आहे त्यावर ठरतं.

अर्जात आपली माणसं कुठे अडकतात

सुरुवात हायस्कूलच्या काउन्सेलरपासून, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या सल्लागारापासून करा. कोणते विषय दोन्हीकडे मोजले जातील याची यादी त्यांच्याकडे असते आणि त्यांच्या सहीशिवाय पुढे सरकता येत नाही. मग कॉलेजचा अर्ज. तो बहुतेक ठिकाणी ‘अप्लाय टेक्सास’ या राज्याच्या पोर्टलवर भरतात. त्यात ड्युअल क्रेडिटचा प्रकार वेगळा निवडावा लागतो. घाईत नेहमीचा प्रथम वर्षाचा अर्ज भरला गेला, तर तो भलत्याच टेबलावर जाऊन पडतो.

आता आमची चूक सांगते, कारण ती खास मराठी चूक आहे. आपल्या पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं. समजा, सई संजय पाटील. पासपोर्टवर ‘सई संजय’ हे सगळं मिळून पहिलं नाव होतं. शाळेत नाव घालताना आपण नुसतं ‘सई’ लिहिलेलं असतं. रात्री अकराला जेवणाच्या टेबलावर बसून मी अर्ज भरला तो पासपोर्ट समोर ठेवून. पुढच्या आठवड्यात लेकीने पात्रता परीक्षा दिली ती शाळेच्या नावाने. कॉलेजच्या संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या मुली झाल्या. परीक्षेचे गुण तिच्या खात्याला चिकटेनात आणि गुण नाहीत म्हणून विषयाची नोंदणी उघडेना. दोन आठवडे ई-मेल चालले, तोवर सकाळचा वर्ग भरून गेला. तेव्हा नाव कसं लिहायचं ते पहिल्या दिवशी ठरवा आणि शाळा, अर्ज, परीक्षा तिन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच ठेवा. जन्मतारीखही तपासा. इथे महिना आधी लिहितात आणि आपल्या हाताला दिवस आधी लिहायची सवय असते.

दुसरी अडचण सोशल सिक्युरिटी नंबरची, म्हणजे इथल्या सरकारी ओळख क्रमांकाची. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलांना तो नसतो. म्हणून शिक्षण अडत नाही, एच-४ वर शिकायला पूर्ण मुभा आहे. तो रकाना रिकामा सोडावा. ‘काहीतरी भरायला हवं’ म्हणून आई-वडिलांचा नंबर तिथे घालू नये. तिसरी जागा रहिवासाच्या प्रश्नांची. किती महिने राज्यात राहताय, पालक कोणत्या व्हिसावर आहेत, असं सगळं विचारतात. हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात, पण फी कोणत्या दराने लागणार ते त्यावरून ठरतं. पालकांनी शेजारी बसून भरावेत.

अर्ज गेला की कॉलेजकडून एक आयडी क्रमांक आणि कॉलेजचा ई-मेल पत्ता येतो. यापुढे सगळं त्या पत्त्यावर येतं. मुलं तो उघडत नाहीत. पहिल्याच दिवशी तो त्यांच्या फोनवर घालून द्या.

पात्रता परीक्षेचं नाव टीएसआयए-२. तिला वेळेचं बंधन नसतं, उत्तरांनुसार पुढचे प्रश्न सोपे किंवा अवघड होत जातात. गणितात ९५० आणि इंग्रजीत ९४५ गुण आणि निबंधाला किमान ५, एवढं झालं की मूल थेट पात्र. गुणपट्टी ९१० ते ९९० अशी आहे, म्हणून ९४५ ऐकून दचकू नका. एसएटी या कॉलेज-प्रवेशासाठीच्या परीक्षेत वाचन-लेखनात ४८० किंवा गणितात ५३० असतील, तर त्या त्या भागाची परीक्षा द्यावी लागत नाही. इतिहासासाठी गणिताची पात्रता सहसा लागत नाही, हेही काउन्सेलरला विचारून घ्या.

वर्ग कॉलेजच्या आवारात असेल, तर मेंदुज्वराच्या लशीचा दाखला वर्ग सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेल्या लशीचा हवा. हायस्कूलमध्येच किंवा फक्त ऑनलाइन शिकणाऱ्यांना ती अट नाही. ऑगस्टमध्ये डॉक्टरची वेळ मिळत नाही, जूनमध्येच उरकून टाका.

पैसे किती लागतात?

नेहमीच्या विद्यापीठाच्या मानाने फारच कमी. २०२३ साली टेक्सासच्या विधिमंडळाने हाउस बिल ८ मंजूर केलं आणि त्यातून ‘फास्ट’ नावाची योजना आली. योजनेत सामील कॉलेजांमध्ये कमी उत्पन्नाच्या घरातल्या, म्हणजे शाळेत मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळण्यास पात्र असलेल्या मुलांना ड्युअल क्रेडिट पूर्ण मोफत झालं. इतरांसाठी २०२३-२४ मध्ये दर क्रेडिटला ५५ डॉलरची मर्यादा होती. तीन क्रेडिटच्या विषयाला १६५ डॉलर होतात. पुढे तो दर थोडा वाढत गेला. काही जिल्हे सगळ्यांचीच फी स्वतः भरतात. पुस्तकं आणि ऑनलाइन गृहपाठाचे कोड यांचा खर्च वेगळा, तो आधी विचारा. हायस्कूलमध्ये असताना केंद्र सरकारची विद्यार्थी मदत साधारणपणे मिळत नाही.

जमा झालेलं क्रेडिट वटतं कुठे?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि विषय निवडताना तो कुणीच विचारत नाही. क्रेडिट खात्यात जमा होणं आणि ते हव्या त्या ठिकाणी वटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेक हातात आहे म्हणून पैसे मिळालेच असं नाही. समोरच्या बँकेने तो वटवला पाहिजे.

टेक्सासमधली सरकारी विद्यापीठं ही एकाच बँकेच्या शाखांसारखी आहेत. राज्याने पदवीसाठी ४२ क्रेडिटांचा एक समान पाया ठरवलाय. त्या पायातले विषय एका सरकारी कॉलेजात झाले, की दुसऱ्या सरकारी विद्यापीठाला ते मान्य करावे लागतात. शिवाय टेक्सासचा कायदाच आहे, की सरकारी विद्यापीठातून पदवी घेणाऱ्या प्रत्येकाने, मग तो संगणकशास्त्राचा असो की संगीताचा, अमेरिकन इतिहासाची सहा आणि शासनव्यवस्थेची सहा क्रेडिटं घ्यायलाच हवीत. म्हणजे हिस्टरी १३०१, १३०२ आणि गव्हर्न्मेंट २३०५, २३०६ हे चार विषय राज्यात राहणाऱ्या मुलांसाठी सहसा फुकट जात नाहीत. इंग्लिश १३०१ चंही तसंच.

आता हाच २३०६ घेऊन मुलगी इलिनॉयला किंवा मॅसॅच्युसेट्सला गेली तर? त्या विषयात टेक्सास राज्याचं शासन शिकवतात. तिथल्या विद्यापीठाला त्याचं काय करायचंय? फार तर ‘इतर विषय’ म्हणून कोपऱ्यात नोंदवतील. खासगी नामवंत विद्यापीठांत तर अनेक ठिकाणी नियमच असा असतो, की जो विषय हायस्कूलच्या पदविकेसाठी वापरला गेला, तो आमच्या पदवीत मोजणार नाही. ते तसं स्पष्ट लिहूनही ठेवतात, पण वाचायला आपण जात नाही.

याहून बारीक फसगत राज्याच्या आतच होते. ओळखीतल्या एका मुलाने मोठ्या हौसेने मॅथ १३१४, म्हणजे कॉलेजचं बीजगणित केलं. उत्तम मार्क मिळाले. पुढे तो इंजिनीअरिंगला गेला. विद्यापीठाने तीन क्रेडिटं मान्य केली, ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे मार्कांच्या अधिकृत उताऱ्यावर, ती दिसतातही. पण इंजिनीअरिंगचं गणित सुरू होतं कॅल्क्युलसपासून. त्याआधीचं काही पदवीच्या यादीत बसत नाही. म्हणजे चेक वटला, पण ज्या बिलासाठी हवा होता त्याला लागला नाही. ‘क्रेडिट स्वीकारता का?’ असा प्रश्न विचारला, तर ‘हो’ असंच उत्तर येतं. विचारायचं असतं ते हे: ‘माझ्या मुलाच्या पदवीच्या नेमक्या कोणत्या चौकटीत हा विषय बसेल?’

प्रत्येक मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, कुठल्या कॉलेजचा कुठला विषय त्यांच्याकडे कशासमान धरतात, याचा तक्ता असतो. विषय निवडायच्या फॉर्मवर सही करण्याआधी मुलाला आवडणाऱ्या तीन-चार विद्यापीठांचे तक्ते उघडा आणि शेजारी त्या पदवीचा चार वर्षांचा आराखडा ठेवा. रविवारची एक दुपार जाते. आम्ही ती दुपार धाकट्याबरोबर घालवली. त्याला मानसशास्त्र घ्यायचं होतं, ते पायातल्या ४२ क्रेडिटांत बसत होतं, म्हणून आम्ही हो म्हटलं.

“हायस्कूलच्याच वर्गात, त्याच बाईंनी शिकवलेलं, ते खरं कॉलेज कसं?”

शंका रास्त आहे. उत्तर असं, की त्या बाईंना कॉलेजने नेमलेलं असतं. टेक्सासच्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या अपेक्षेप्रमाणे शिक्षकाकडे मास्टर्स पदवी आणि त्या विषयातली पदव्युत्तर पातळीची किमान १८ क्रेडिटं लागतात. अभ्यासक्रम कॉलेजचा, मार्कांची पद्धत कॉलेजची. तरीही अनुभव सारखा नसतो, हे मी मान्य करते. माझ्या लेकीने इतिहास शाळेत केला आणि सरकार हा विषय कॉलेजच्या आवारात. दुसऱ्या ठिकाणी तिच्या शेजारी रात्रपाळी करून आलेले एक तिशीतले गृहस्थ बसायचे. ते प्रश्न विचारायचे तेव्हा वर्ग ऐकायचा, असं ती सांगायची. शाळेच्या वर्गात ते मिळालं नसतं.

“मार्क कमी पडले तर?”

तर ते कायमचे राहतात. याचा अर्थ पालकांनी शांतपणे समजून घ्यावा, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कॉलेजचा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि मार्कांचा अधिकृत उतारा, सोळाव्या वर्षी सुरू होतो आणि जन्मभर सोबत राहतो. पुढे कुठल्याही विद्यापीठात अर्ज केला, तरी आधीच्या सगळ्या कॉलेजांचे उतारे मागतात. न आवडलेला लपवता येत नाही. ‘सी’ श्रेणीच्या खालचा मार्क असेल, तर बहुतेक विद्यापीठं तो विषय पदवीत धरत नाहीत, पण तो उताऱ्यावर दिसतो. आपल्या घरांतून डॉक्टर होण्याचं स्वप्न बऱ्याचदा असतं, त्यांच्यासाठी खास सांगते: अमेरिकेतल्या बहुतांश वैद्यकीय महाविद्यालयांचा जो सामाईक अर्ज आहे, त्यात हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे विषयही लिहावे लागतात आणि त्यांचे मार्क सरासरीत धरले जातात. अकरावीत कंटाळून मिळवलेला ‘सी’ बाविसाव्या वर्षी समोर येतो.

मग सुटायची वाट नाही का? आहे, पण तिला तारीख आहे. नेहमीच्या लांब सेमिस्टरमध्ये बाराव्या वर्गदिवसापर्यंत विषय सोडला, तर उताऱ्यावर त्याची खूणही राहत नाही. त्यानंतर सोडला तर ‘डब्ल्यू’ लागतो, म्हणजे मधेच सोडला. एखादा ‘डब्ल्यू’ काही आभाळ कोसळवत नाही. अनेक झाले, तर पुढे आर्थिक मदतीच्या वेळी घेतलेल्या विषयांपैकी किती पूर्ण केले हे बघतात, तिथे अडचण येते. बाराव्या दिवसाची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्याच्या दोन दिवस आधी मुलाशी निवांत बोला: झेपतंय का? हे बोलणं ओरडण्याच्या सुरात करू नका. मूल खरं सांगणार नाही आणि तारीख निघून जाईल.

आणखी एक. आपल्याला शाळेत जाऊन शिक्षकांना भेटायची सवय असते. १९७४ चा ‘फर्पा’ हा केंद्राचा कायदा सांगतो, की मूल कॉलेजात दाखल झालं, की तिथल्या नोंदींवरचा हक्क मुलाचा, मग वय सोळा का असेना. म्हणून प्राध्यापक आई-वडिलांना मार्क सांगत नाहीत. ई-मेल केला तर नम्रपणे नकार येतो. त्यात अपमान काही नाही. हायस्कूल आपल्याला मार्क सांगू शकतं आणि मूल लेखी परवानगीही देऊ शकतं. पण माझ्या लेकीने प्राध्यापकांना पहिला ई-मेल स्वतः लिहिला, चार वेळा खोडून, तेव्हा ती मला एकदम मोठी वाटली. ते तिच्या हातून मी काढून घ्यायला नको होतं, आणि बरं झालं कायद्याने काढू दिलं नाही.

“एपी बरं की हे?”

एपी म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय, ज्याची देशभर एकच परीक्षा मे महिन्यात होते आणि १ ते ५ गुण मिळतात. त्यात सगळी भिस्त एका दिवसावर. परीक्षेत २ मिळाले, तर क्रेडिट मिळत नाही, पण कॉलेजच्या उताऱ्यावर डागही लागत नाही. ड्युअल क्रेडिटमध्ये उलट. एका दिवसावर काही नसतं, सेमिस्टरभर सातत्य लागतं, आणि जे होईल ते नोंदलं जातं. रोज थोडं थोडं करणाऱ्या मुलाला ड्युअल क्रेडिट मानवतं. परीक्षेच्या दिवशी चमकणाऱ्याला एपी. राज्याबाहेर किंवा खासगी विद्यापीठात जायचं ठरलेलं असेल, तर मी एपीकडे झुकेन, कारण ती परीक्षा सगळीकडे ओळखीची आहे.

टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेचा ‘ऑनरॅम्प्स’ हा मधला मार्ग बऱ्याच शाळांत आहे आणि मला तो फार आवडतो. त्यात मार्क बघून मग क्रेडिट घ्यायचं की नाही हे मूल ठरवतं. ज्या घरात ‘मार्क कमी पडले तर’ ही धास्ती मोठी आहे, त्यांनी आधी हा बघावा.

हायस्कूलमधल्या क्रमांकासाठी एपीला जास्त वजन की ड्युअल क्रेडिटला, हे प्रत्येक जिल्हा वेगळं ठरवतो. टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्यापासून वर्गातल्या वरच्या मुलांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो, त्यामुळे क्रमांकाला इथे फार किंमत आहे. काउन्सेलरला वजनाचा तक्ता मागा.

“मुलांवर ओझं होत नाही का?”

होतं. मी वर आठवड्याचे नऊ तास सांगितले, ते खरे आहेत. चार विषय घेतले तर छत्तीस, शिवाय वाद्यवृंद, खेळ, शनिवारची मराठी शाळा. आमच्या ओळखीत पाच-पाच विषय एकदम घेणारी मुलं आहेत आणि त्यांतली काही आनंदातही असतात. पण पहिल्या सेमिस्टरला एक, फार तर दोन, असंच मी प्रत्येकाला सांगते. २०१५ पासून टेक्सासमध्ये किती विषय घ्यायचे याला राज्याची मर्यादा नाही. म्हणून मर्यादा घरानेच घालायची असते.

“यातून वर्ष वाचतं का?”

कधी कधी. काही ‘अर्ली कॉलेज’ हायस्कूलांत मुलं साठ क्रेडिटं म्हणजे दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊनच बाहेर पडतात. पण इंजिनीअरिंगसारख्या पदवीत विषय एकापाठोपाठ एक साखळीने येतात. इतिहास आणि इंग्रजी आधी झाले, म्हणून कॅल्क्युलस एक, दोन, तीन ही साखळी आखूड होत नाही. तिथे वर्ष वाचत नाही, पण प्रत्येक सेमिस्टरचा भार हलका होतो. पाचाऐवजी चार विषय, दुसरी एखादी छोटी पदवी किंवा एखादी इंटर्नशिप जमते.

एच-४ वरच्या मुलांचं गणित वेगळं आहे, आणि ते माझ्या मनाला जास्त लागतं. त्यांना केंद्राची आर्थिक मदत मिळत नाही. एकवीस वर्षं पूर्ण झाली, की ती पालकांच्या व्हिसातून बाहेर पडतात आणि स्वतःचा व्हिसा, बहुतेकदा विद्यार्थ्याचा, काढावा लागतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या घरांत एक सेमिस्टर लवकर संपणं म्हणजे नुसती पैशांची बचत नसते. अशा घरांनी तर तक्ते आणखी काळजीपूर्वक बघावेत, वटणारेच विषय घ्यावेत.

बारावीनंतरचं एक काम

हे कुणी सांगत नाही. हायस्कूलचा अंतिम निकाल हायस्कूल पाठवतं. कॉलेजचे विषय मात्र कॉलेजच्या उताऱ्यावर असतात आणि तो आपण स्वतः मागवून विद्यापीठाला पाठवायचा असतो, शेवटचे मार्क लागल्यानंतर. आमच्या लेकीच्या विद्यापीठातल्या नोंदणीच्या दिवशी सल्लागार बाई तिच्यासाठी पुन्हा अमेरिकन इतिहास निवडत होत्या, कारण त्यांच्या पडद्यावर तिचं एकही क्रेडिट दिसत नव्हतं. आम्हाला वाटलं होतं शाळेने सगळं पाठवलं असेल. लेक बाहेरच्या व्हरांड्यात जमिनीवर बसली, फोनवरून उतारा मागवला आणि आत येऊन बाईंना म्हणाली, इतिहास नको, येईल तो. दोन दिवसांनी पाचही विषय तिच्या खात्यात दिसायला लागले.